दगड ब्रासवर मोजतात, पाणी कोण मोजतं?

'जबाबदार' हा शब्द हल्ली खाणवाल्यांच्या तोंडी फार ऐकू येतो. जबाबदार उत्खनन, जबाबदार जलव्यवस्थापन. जगातल्या मोठ्या खाण कंपन्यांची एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तिने २०१७ मध्ये पाण्याविषयीची आपली भूमिका जाहीर केली. आपण पाणी किती घेतो, किती सोडतो हे कंपनीने उघड सांगावं, कुंपणाबाहेरच्या सगळ्या खोऱ्याचा विचार करावा, त्याच पाण्यावर जगणाऱ्या इतरांशी बोलावं, असं तिचं म्हणणं. वाचायला चांगलं आहे. पण जबाबदार म्हणजे जबाब द्यायला बांधलेला. मग खाणवाला जबाब देतो तरी कुणाला? भागधारकांना देतो, प्रदूषण मंडळाला कागदावर देतो, तहसील कचेरीत चलन भरून देतो. ज्या बाईची विहीर आटली तिला आजवर कुणी जबाब दिला आहे?

आमच्या कामशेतच्या भोवती लोखंडाच्या की कोळशाच्या खाणी नाहीत. मावळात डोंगर फोडतात ते खडीसाठी. एक्सप्रेस वे, त्याची मिसिंग लिंक, पुण्याचा रिंग रोड, तळेगाव-चाकणचे कारखाने, लोणावळ्याचे बंगले, पिंपरी-चिंचवडचे टॉवर या सगळ्यांच्या पोटात खडी, ग्रिट आणि क्रशरची कच जाते. कायद्याच्या भाषेत हा दगड 'गौण खनिज'. गौण हा शब्द मला फार बोलका वाटतो. खनिज गौण, म्हणून त्याच्यावरची देखरेख गौण. त्या दगडात मुरणारं पाणी त्याहून गौण. आणि ते पाणी डोक्यावरून आणणारी बाई सगळ्यांत गौण. ही उतरंड मोडायची तर सुरुवात पाण्याच्या हिशेबापासून करायला हवी, असं मला या लेखात मांडायचं आहे.

पाणी इथलं, वाट दुसरीकडची

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच मावळात मार्च उजाडला की ठाकर-कातकरी वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. बाहेरच्यांना याचं आश्चर्य वाटतं. इथल्या बायांना वाटत नाही. मावळातलं पाणी मावळात थांबू द्यायचंच नाही, ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं ते घाटमाथ्यावरचं पाणी कोकणात सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी. मग आणखी धरणं झाली. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्यात बायाही उतरल्या होत्या. धरण झालंच.

पुढे पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं. ९ ऑगस्ट २०११ ला मावळचे शेतकरी बऊरजवळ एक्सप्रेस वेवर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघं मारले गेले. मोरेश्वर साठे, शामराव तुपे आणि कांताबाई ठाकर. दरवर्षी क्रांतिदिनाला पुढारी तिघांची नावं घेतात. पण भाषणात 'शेतकरी बांधव' एवढाच शब्द असतो. पाण्यासाठी रस्त्यावर येऊन मेलेली बाईही 'बांधवां'तच मोजली जाते. २०२३ मध्ये त्या जलवाहिनीवरची स्थगिती उठवण्यात आली, तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या बायांचं मत घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

धरणाचं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर भांडण तरी होतं. खाणीमुळे जातं ते पाणी जमिनीखालचं. ते चोरीला गेलं हे कळायलाच दोन-चार उन्हाळे जातात. तोवर खाण पुढच्या टेकडीवर सरकलेली असते.

डोंगर म्हणजे टाकी

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरतं वरच्या मातीत, मुरमात, झिजलेल्या दगडात आणि थराथरांमधल्या भेगांत. पावसाळ्यात टेकडी पाणी पिते आणि पुढचे सात-आठ महिने ते झिरपत झिरपत पायथ्याच्या झऱ्याला नि विहिरीला देत राहते. गावाची टाकी म्हणजे ती टेकडी. विहीर हा नुसता नळ.

खाणवाला सगळ्यांत आधी वरची झाडं, माती आणि मुरूम काढून टाकतो. त्याच्या लेखी तो कचरा. पण पाणी पिण्याची टेकडीची जागा तीच. मग सुरुंग लागतात. त्यांच्या हादऱ्याने कुठे भेगा मोकळ्या होतात, कुठे बुजतात, पाण्याची वाट बदलते. खड्डा झऱ्यांच्या पातळीखाली गेला, की जे पाणी विहिरीकडे जायचं ते खड्ड्यात उतरतं. खड्ड्यात पाणी साचलं तर काम थांबतं, म्हणून मोटार लावून ते उपसायचं आणि ओढ्यात सोडायचं. महिनोन्महिने असा उपसा झाला की आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. ओढ्यात गेलेल्या पाण्याबरोबर दगडाची भुकटी जाते, डंपरचं डिझेल-ऑइल जातं, सुरुंगाच्या दारूतला नायट्रेटचा अंश जातो. भुकटी ओढ्याच्या तळाशी बसते, पावसात भातखाचरात पसरते. हा ओढा पुढे इंद्रायणीला मिळतो. देहू-आळंदीला आपण ज्या पाण्याला हात जोडतो, त्यात हेही असतं.

आणि क्रशरला स्वतःला पाणी लागतं ते वेगळंच. धूळ बसवण्यासाठी क्रशरवर, खडीच्या ढिगांवर, डंपरच्या रस्त्यावर पाणी मारावं ही प्रदूषण मंडळाची अट आहे. अट योग्य आहे. धूळ बायांच्या आणि पोरांच्याच छातीत जाते. पण ते पाणी कुठून आणायचं? एकाच खोऱ्यात दोन टँकर फिरतात, एक वाडीवर पिण्यासाठी येतो आणि एक खडीवर शिंपडायला जातो. पहिल्याला पंचायत समितीची मंजुरी लागते, भूजल खात्याचा दाखला लागतो, बायांना चार खेपा घालाव्या लागतात. दुसऱ्याला डिझेल पुरतं. पाणी वाचवायचं म्हणून कुणी शिंपडायचंच सोडून दिलं, तर धूळ वाडीवर. म्हणजे तहान किंवा धूळ यातलं एक आपण निवडायचं, आणि या निवडीला नाव द्यायचं जबाबदार व्यवस्थापन.

हंड्याचा हिशेब

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, तेव्हा माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने देण्याचं ठरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झालं. हंड्यात साधारण पंधरा लिटर मावतं, म्हणजे अठरा हंडे. डोक्यावर एक आणि कमरेवर एक धरला तर नऊ खेपा. विहीर अर्धा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन नऊ किलोमीटर, त्यातले साडेचार तीस किलो वजन घेऊन. जवळची विहीर आटली आणि एक किलोमीटरवर जावं लागलं, तर अठरा किलोमीटर. एवढं कुठलीही बाई रोज चालू शकत नाही. मग ती काय करते? पाणी कमी करते. गुरांचं कमी करता येत नाही, नवऱ्याच्या आंघोळीचं कमी करता येत नाही, पाहुण्याचं तर नाहीच. कमी होतं ते तिचं स्वतःचं. आंघोळ, पाळीचे कपडे धुणं, बाळंतिणीचं शेकणं, पिण्याचं पाणीसुद्धा. शेतावर नि खाणीवर लघवीला आडोसा नाही म्हणून बाया आधीच पाणी कमी पितात. मग लघवीची जळजळ, मूतखडे, अंगावरून जाणं. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर पीत जा.

मोठ्या मुलीची शाळा याच हिशेबात बुडते. आईच्या नऊ खेपांतल्या चार तिच्या वाट्याला येतात. शाळेच्या नोंदीत कारण लिहिलं जातं 'घरकाम'.

खाणवाल्याच्या ताळेबंदात डिझेल आहे, सुरुंग आहे, स्वामित्वधन आहे. सरकारने २०२१ मध्ये दगडाचं स्वामित्वधन ब्रासला ४०० रुपयांवरून ६०० केलं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दगडाचा घनफुटापर्यंत हिशेब आहे, तो चुकवला तर दंड आहे. त्या शंभर घनफुटांसाठी किती पाणी उपसलं, याचा रकानाच नाही. आणि त्या पाण्याची भरपाई बायांनी किती किलोमीटर चालून केली, हा रकाना तर कुणाच्या स्वप्नातही नाही. बिनमोलाच्या बाईच्या श्रमावर अर्थव्यवस्था कशी उभी असते, हे आपण शिबिरांत शिकवतो. खडीच्या प्रत्येक डंपरमध्ये तो धडा भरलेला आहे.

खाणीच्या आतल्या बाया

इथवर मी गावातल्या बाईबद्दल बोलले. खाणीवरच्या बाईबद्दल बोलल्याशिवाय हे म्हणणं अर्धवट राहील. पुणे जिल्ह्यातल्या खाणींवर पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने दगड फोडला. आता दुष्काळी जिल्ह्यांतून नि परराज्यांतून आलेली कुटुंबंही आहेत. मुकादमाकडून उचल घेऊन जोडीने यायचं, कामाचा भाव जोडीला, पैसे नवऱ्याच्या हातात. बाईच्या नावाची हजेरी नाही, म्हणून अपघात झाला तरी ती कामगार ठरत नाही. यंत्रं आली तसं तिचं हाताने खडी फोडण्याचं काम कमी झालं. उरलं ते झाडण्याचं, वेचण्याचं, पाणी भरण्याचं.

१९५२ च्या खाण कायद्यात कामगारांना पिण्याचं स्वच्छ, गार पाणी सोयीच्या जागी ठेवायला सांगितलं होतं. बायांसाठी वेगळी मोरी-संडास, आणि एकही बाई कामाला असेल तरी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, हेही त्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत विरघळला. पाण्याची नि संडासाची तरतूद नव्या संहितेत आहे. पाळणाघर मात्र पन्नासाहून जास्त कामगार असतील तिथेच. मावळातल्या छोट्या खाणी या हिशेबात कुठे बसणार? सत्तर वर्षं कागदावर असलेलं पाळणाघर आम्ही प्रत्यक्षात फारसं पाहिलं नाही, आता ते कागदावरूनही गेलं. खाणकामगारांच्या मुलांसाठी वाघोलीच्या खाणींपासून पाषाण शाळा उभ्या केल्या त्या 'संतुलन'सारख्या संस्थेने. सरकारने किंवा मालकांच्या संघटनेने नव्हे.

खाणीवरची बाई पाणी कुठून आणते? जुन्या, सोडून दिलेल्या खड्ड्यातून. त्यातच धुणं, त्यातच भांडी, कधी त्यातच पिणं. कडा सरळसोट, कठडा नाही, तळ किती खोल ते माहीत नाही. धुणं धुताना बाई आणि तिला धरायला गेलेलं पोर बुडाल्याच्या बातम्या पुण्याच्या आसपास नेहमी येतात. बातमीत 'पाय घसरून' असं लिहिलेलं असतं. खड्डा बुजवायचा की कुंपण घालायचं हे ज्याच्यावर होतं, त्याचं नाव बातमीत नसतं.

आणि गावच्या विहिरीवर ती गेली तर? 'तुमच्याच खाणीने आमचं पाणी नेलं,' असं तिला ऐकावं लागतं. मी स्वतः असं भांडण सोडवायला उभी राहिले आहे. दोन्हीकडच्या बाया खऱ्या बोलत होत्या. दोघींचं पाणी एकाच माणसाने नेलं होतं आणि तो तिथे नव्हता. जातीची जुनी भिंत त्याच्या कामी आली. आपल्या चळवळीने 'खाण बंद करा' एवढीच घोषणा दिली, तर ही भिंत आणखी पक्की होईल. खाण बंद झाली की मालक दुसरा पट्टा घेतो, आणि वडाराची बाई उचल अंगावर घेऊन रस्त्यावर येते. म्हणून मागणी करताना दोघींना एका बाजूला बसवता येईल अशीच करायला हवी.

कायदे भरपूर, विहीर कोरडी

कायद्यांची वाण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार खटल्यात सांगितलं, की पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. पण लहान सुट्या पट्ट्याला जनसुनावणी लागत नाही. मंजुरी मिळते, गावाला विचारलं जात नाही. मोठा डोंगर लहान लहान पट्ट्यांत कापला की प्रत्येक पट्टा निरागस दिसतो.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू नये, असं महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्याने सांगितलं होतं. पुढे २००९ चा भूजल कायदा आला, त्यातही या स्रोतांना संरक्षण आहे. म्हणजे गरीब शेतकऱ्याने चार परसांची विहीर खोदली तर अडवायला कायदा आहे. शेजारी पन्नास-साठ फुटांचा खड्डा खणून रात्रंदिवस पाणी उपसलं, तर तो पाण्यासाठी खणलेला नाही ना, म्हणून विहिरींच्या हिशेबात त्याला कुणी धरत नाही! पाणी शोधायला खणणारा गुन्हेगार, पाणी फेकून द्यायला खणणारा उद्योजक.

२०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खाणवाल्यांकडून जमणाऱ्या या निधीतला मोठा भाग पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा कामांवर खर्च करायचा आहे. आधी किमान ६० टक्के, २०२४ च्या नव्या सूचनांनुसार ७० टक्के. पहिल्याच क्रमांकावर पिण्याचं पाणी आहे. आपल्या किती गटांनी पुणे जिल्ह्याच्या प्रतिष्ठानाकडे विचारलं, की मावळच्या कुठल्या वाडीच्या विहिरीला यातून काय मिळालं? माहिती अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे.

पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अतिसंवेदनशील भागात नवीन खाण नको असं सांगितलं. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये व्याप्ती कमी केली, पण ठरवलेल्या क्षेत्रात खाणींवर बंदी तिनेही सुचवली. २०१४ पासून केंद्र सरकार अधिसूचनेचे मसुदे काढत आहे. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे सतरा हजार चौरस किलोमीटर आहेत. मसुदा निघायचा, गावं वगळण्यासाठी पुढाऱ्यांनी धावायचं, आणि तेवढ्या वर्षांत आणखी डोंगर संपायचे, असा हा खेळ आहे.

'आपलीच पोरं आहेत'

खाणींची बाजू घेणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली, रोजगार. डंपरवर ड्रायव्हर पुरुष, पोकलेनवर पुरुष, वजनकाट्यावर पुरुष. बाईला मिळालं तर झाडू आणि पाटी. विहिरीवर, भाताच्या खाचरावर नि दुधावर जे तिचं हातचं उत्पन्न होतं, ते गेलं त्याचं काय? मिळालेला रोजगार मोजता, बुडालेला का मोजत नाही?

दुसरी, क्रशर आता भूमिपुत्रांचे आहेत, बाहेरच्यांचे नाहीत. हे काही ठिकाणी खरं आहे, आणि म्हणूनच बोलणं अवघड आहे. सरपंचाचा भाऊ, दिराचा मुलगा, भावकीतला कुणी. 'आपलीच पोरं आहेत, चार पैसे कमावतात' म्हटल्यावर सुनेने तोंड कसं उघडायचं? महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. ना-हरकत दाखल्यावर सही तिची असते, ठराव कुणाच्या बैठकीत ठरलेला असतो ते गावाला माहीत असतं. मालक परका असो की भूमिपुत्र, विहिरीचा झरा आडनाव विचारून तुटत नाही.

तिसरी, दगडाशिवाय घर कसं बांधाल? प्रश्न रास्त आहे. आपणही सिमेंटच्या घरात राहतो, घरकुलासाठी अर्ज करतो. दगड लागणारच. पण किती, कुठून, किती खोलपर्यंत आणि कुणाला विचारून, हे ठरवता येतं. मावळाला दगड कापायचं वावडं कधीच नव्हतं. कामशेतजवळच्या बेडशाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी कातळ कोरताना शेजारी पाण्याची पोढीही कोरली. तिथल्या लेखात सामडिनिका या महारठी घराण्यातल्या स्त्रीचं दान नोंदलेलं आहे. तेव्हा दगड फोडताना पाण्याची सोय करत होते, आणि ती करणाऱ्या बाईचं नाव दगडावर लिहून ठेवत होते. आज दगड फोडताना असलेली सोय मोडतो, आणि बाईचं नाव हजेरीपुस्तकातसुद्धा नाही.

दूरच्या गावांनी काय भोगलं

मोठ्या खाणींनी काय केलं ते शेजारी पाहा. गोव्यात डिचोलीच्या शिरगावात लोहखनिजासाठी समुद्रसपाटीच्याही खाली खोदलं, पाणी उपसत राहिले आणि गावच्या विहिरी सुकल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द केले. खाणी थांबल्या म्हणून झरे परत आले नाहीत. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्यात २९ जुलै २०२१ ला खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्याचा बांध फुटला, चिखल घरांत नि बागायतीत शिरला. उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात नको तेवढं, ही खाणीची देणगी. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे २५ जानेवारी २०१९ ला खाणीच्या गाळाचं धरण फुटलं आणि सुमारे २७० माणसं गाडली गेली. ती खाण चालवणारी कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक. पाण्याच्या 'जबाबदारी'चे अहवाल तिथेही नक्कीच छापले जात असतील.

पण उलटं उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीची वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. नदी कोरडी, विहिरी कोरड्या. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने वाळूउपशाविरुद्ध लढा दिला. त्यांनी नुसतं 'उपसा थांबवा' म्हटलं नाही. आपल्या नदीची थोडी वाळू आपण विकू, त्या पैशातून बळीराजा धरण बांधू, आणि त्याचं पाणी समान वाटू, भूमिहीनांनाही हिस्सा देऊ, असं ते म्हणाले. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ते करून दाखवलं. तीच वाळू, तीच नदी. किती काढायचं हे कुणी ठरवायचं, एवढंच बदललं. जबाबदार खनिज व्यवस्थापन म्हणजे काय, हे शिकायला मला परदेशी परिषदेच्या पुस्तिकेपेक्षा येरळेचा काठ जवळचा वाटतो.

आपण काय करायचं

मैत्रिणींनो, पाण्याचा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरण्याची परंपरा आपलीच आहे. मृणालताई गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटलं ते उगीच नाही. पण गेली काही वर्षं आपल्यातल्या अनेक संघटनांनी पाणी 'पर्यावरणवाल्यांकडे' देऊन टाकलं आणि बाईला बचत गटात बसवलं. पाणीच नसेल तर ती शेळी कशी पाळणार, पापड कशाने लाटणार? पर्यावरणवाले टेकडी वाचवायला येतात, त्यांना खाणीवरची बाई दिसत नाही. कामगार संघटनेला मजुरी दिसते, हंडा दिसत नाही. हे दोन्ही एकत्र पाहणं आपल्याला जमू शकतं.

म्हणून काही कामं आणि मागण्या मांडते.

१. पाण्याची वही. खाणीच्या परिसरातल्या प्रत्येक वाडीत बायांच्या गटाने दोरीला हात-हाताच्या गाठी मारून दर अमावास्येला विहिरीचं पाणी मोजावं, तारखेसह लिहावं. कुठल्या दिवशी सुरुंग उडाले, खड्ड्यातून उपसा कधी चालू होता, तेही लिहावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिचे आकडे मागून घेऊन आपल्या वहीशेजारी ठेवावेत. 'पाणी आटलं' या तक्रारीला पुरावा काय, असं साहेब विचारतात. हा पुरावा.

२. उपशाला मीटर. खाणीतून उपसलेल्या आणि क्रशरला वापरलेल्या पाण्याची नोंद ब्रासच्या नोंदीसारखीच सक्तीची करा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. खड्ड्यातलं पाणी ओढ्यात सोडण्याआधी गाळाच्या टाक्यांत निवळवा. धुळीवर मारायचं पाणी याच साठ्यातून घ्या, गावच्या स्रोतातून नको.

३. महिला सभेचा होकार. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर उरकली जाते. नव्या पट्ट्याला किंवा मुदतवाढीला ना-हरकत देण्याआधी महिला सभेत विषय आला पाहिजे, पाण्याची वही वाचली गेली पाहिजे. लगतचे सगळे पट्टे एकत्र धरून सुनावणी घ्या.

४. खोलीची मर्यादा. पायथ्याच्या विहिरीच्या झऱ्याखाली खोदायचं नाही. जुन्या खड्ड्यांना आधी कुंपण आणि उतरती पायवाट, मग नवा पट्टा.

५. खाणीवरच्या बाईला आधी पाणी. हजेरीवर तिचं वेगळं नाव, तिच्या खात्यात मजुरी, वस्तीवर नळ आणि संडास, आणि कामगार कितीही असोत, पाळणाघर. खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतला पहिला हिस्सा आटलेल्या विहिरींच्या वाड्यांना आणि खाणवस्त्यांना, दोन्हींना एकदम.

६. आटलेल्या विहिरीची भरपाई. नुकसान सिद्ध करायचं ओझं बाईवर नको. पट्टा देण्याआधीची पातळी नोंदलेली असेल आणि नंतर ती घसरली, तर आपल्या खाणीने झालं नाही हे मालकाने सिद्ध करावं. तोवर पाणी त्याने पुरवावं, टँकरच्या नुसत्या आश्वासनावर आपण उठायचं नाही.

यातली पहिली गोष्ट करायला कुणाची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. एक दोरी, एक वही आणि महिन्यातून एक दिवस लागतो. सुरुवात मावळातल्या दहा वाड्यांपासून करू या. गावच्या गटातली एक आणि खाणवस्तीतली एक, अशा दोघींनी मिळून विहीर मोजायची, म्हणजे भांडणाची जागा बदलेल. पुढच्या पावसाळ्याआधी या वह्या घेऊन वडगावच्या तहसील कचेरीवर जायचं आहे. या वेळी रिकाम्या हंड्यांबरोबर आकडेही असतील, आणि जबाब मागणाऱ्या आपण असू. ज्या गटांना येरळाकाठची, शिरगावची किंवा आपल्या भागातल्या खाणीची माहिती आहे त्यांनी ती कळवावी, ज्यांना मोजणी शिकायची आहे त्यांनी यावं. दोरीला गाठी कशा मारायच्या हे आमच्या वाड्यांवरच्या बाया शिकवतील.